कलम १४ च्या मागचा ओहायोचा वकील

कायद्याच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: ‘आपल्या घटनेच्या कलम १४ मधला कायद्याच्या समान संरक्षणाचा भाग अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आला, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. ती दुरुस्ती नेमकी लिहिली कोणी? लिंकनने, थॅडियस स्टीव्हन्सने की आणखी कोणी? आणि त्या माणसाचं नाव आम्हाला कुणी का सांगत नाही?’

लिंकनने नक्कीच नाही. एप्रिल १८६५ मध्ये त्याची हत्या झाली आणि या दुरुस्तीचे मसुदे त्यानंतरच्या हिवाळ्यात फिरायला लागले. स्टीव्हन्स प्रतिनिधीगृहातला सूत्रधार होता. दुरुस्ती पास करून घेण्याचं श्रेय त्याचं, पण तुम्ही विचारताय ते शब्द त्याचे नव्हेत. ते जॉन आर्मर बिंगहॅमचे. ओहायो राज्यातल्या कॅडिझ नावाच्या छोट्या गावात वकिली करणारा, बरीच वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, बसलेला आणि शेवटी जपानमध्ये अमेरिकेचा राजदूत झालेला हा माणूस. अमेरिकेतही कायद्याच्या वर्तुळाबाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नाही. त्याच कॅडिझमध्ये पुढे जन्मलेला सिनेनट क्लार्क गेबल त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसिद्ध आहे.

मी रिट याचिकांचं काम करतो. आमच्याकडे कुठलाच ग्राउंड, म्हणजे याचिकेचा कायदेशीर आधार, सापडला नाही तरी कलम १४ चा ग्राउंड असतोच, असं ज्युनिअर मंडळी हसत हसत म्हणतात. म्हणून उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या.

बिंगहॅमचा जन्म २१ जानेवारी १८१५ चा, पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर गावचा. तो लहान असतानाच आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पोराची रवानगी कॅडिझला व्यापारी काकाकडे झाली. मधली काही वर्षं मर्सरला परतून त्याने छापखान्यात उमेदवारी केली. मग न्यू अथेन्सचं फ्रँकलिन कॉलेज. हे कॉलेज लहानसं, पण गुलामगिरीविरोधकांचा अड्डा. तिथे त्याच्याबरोबर टायटस बासफील्ड नावाचा, गुलामगिरीतून बाहेर पडलेला तरुण शिकत होता. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांची दारं काळ्या मुलाला बंद होती. या दोघांची मैत्री पुढेही टिकली. बिंगहॅमच्या भाषणांत ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द इतक्या हट्टाने का येतात याची सुरुवात मला त्या वर्गात दिसते. अर्थात हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

१८४० मध्ये सनद मिळाली. मग गावोगावची वकिली, जिल्ह्याचा सरकारी वकील म्हणून काही वर्षं, आणि सोबत व्हिग पक्षाचं राजकारण. कॅडिझमध्ये त्याच्या आधी एडविन स्टँटन नावाचा एक वकील नाव कमावून गेला होता. लिंकनचा युद्धमंत्री स्टँटन तो हाच. १८५४ च्या निवडणुकीत बिंगहॅम काँग्रेसवर गेला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची की नाही, यावरून सगळं राजकारण तेव्हा पेटलेलं होतं.

त्याची विचार करण्याची रीत पहिल्यांदा स्वच्छ दिसते ती १८५९ मध्ये. ओरेगनला राज्याचा दर्जा द्यायचा होता. ओरेगनच्या घटनेत गुलामगिरीला बंदी होती, पण सोबत दुसरंही एक कलम होतं: तिथे आधीपासून राहत नसलेल्या स्वतंत्र काळ्या माणसाने यापुढे त्या राज्यात यायचं नाही, जमीन घ्यायची नाही, करार करायचा नाही, कोर्टात दावा लावायचा नाही. गुलामगिरी नाही ना, मग झालं, अशी अनेकांची भूमिका होती. बिंगहॅम उभा राहिला आणि विरोधात बोलला. मतदानाचा हक्क राज्य ठरवू शकतं, हे त्याला मान्य होतं. पण जगण्याचा, कमावण्याचा, कोर्टाची पायरी चढण्याचा हक्क माणूस म्हणून असतो आणि तो कोणतंही राज्य काढून घेऊ शकत नाही, हा त्याचा मुद्दा. ओरेगन त्या कलमासकट संघात आलं. बिंगहॅम हरला, पण युक्तिवाद त्याच्याकडे तयार राहिला.

अडचण मात्र मोठी होती. राज्य असं करू शकत नाही, हे घटनेत लिहिलं होतं कुठे? तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं हक्कपत्र (घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या) आहे की! इथे १८३३ चा बॅरन विरुद्ध बाल्टिमोर हा निकाल येतो. तो समजला नाही तर चौदावी दुरुस्ती समजत नाही.

बाल्टिमोर बंदरात जॉन बॅरनचा धक्का होता. शहराने रस्त्यांची कामं करताना ओढ्यांचे प्रवाह वळवले, वाळू आणि गाळ येऊन धक्क्यापाशी साचला, पाणी उथळ झालं आणि मोठी जहाजं लागेनाशी झाली. धंदा बसला. पाचव्या दुरुस्तीत लिहिलंय की मोबदला दिल्याशिवाय खाजगी मालमत्ता घेता येत नाही, म्हणून मोबदला द्या, असं बॅरन म्हणाला. सरन्यायाधीश मार्शलने त्याला बाहेरची वाट दाखवली. हक्कपत्र फक्त केंद्र सरकारला बांधतं, राज्यांना आणि त्यांच्या शहरांना नाही. आणि निकालात कारणही दिलं: घटनाकारांना जिथे राज्यांवर बंधन घालायचं होतं, तिथे त्यांनी ‘कोणतंही राज्य अमुक करणार नाही’ असं स्पष्ट लिहिलं आहे. हक्कपत्रात तसं लिहिलेलं नाही.

परिणाम काय? दक्षिणेतल्या राज्याने भाषणावर बंदी आणली, गुलामगिरीविरोधी पत्रकं जप्त केली, काळ्या माणसाला चौकशीशिवाय डांबलं, तरी संघीय न्यायालयात जाऊन हक्कपत्र दाखवण्यात अर्थ नव्हता.

गुलामगिरीवरून पेटलेलं उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध संपलं. तेराव्या दुरुस्तीने डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी गेली. त्याच सुमारास दक्षिणेतल्या राज्यांनी ‘ब्लॅक कोड’ म्हणून ओळखले जाणारे कायदे केले: काम नसलेला काळा माणूस भटक्या ठरवून दंड करायचा आणि दंड भरता आला नाही की मजुरीला जुंपायचा. काँग्रेसने १५ सदस्यांची संयुक्त समिती नेमली. बिंगहॅम त्यात होता.

पुढच्या सहा महिन्यांत जे झालं ते प्रत्येक मसुदा लिहिणाऱ्या वकिलाने नीट पाहावं.

फेब्रुवारी १८६६ मध्ये बिंगहॅमने पहिला मसुदा सभागृहात आणला. त्याचा गाभा असा: राज्यांतल्या नागरिकांना सर्व विशेषाधिकार मिळावेत आणि सर्व व्यक्तींना जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांबाबत समान संरक्षण मिळावं, यासाठी लागतील ते कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला असेल. म्हणजे अधिकारदान. ऐकायला उत्तम. पण त्याच्याच रिपब्लिकन पक्षातल्या न्यूयॉर्कच्या गाइल्स हॉचकिसने अचूक दुखती नस पकडली. तुम्ही हे सगळं काँग्रेसच्या हाती देताय, उद्या काँग्रेसच बंडखोरांच्या हाती गेली तर? मग हक्क कुठे राहिले? त्यापेक्षा भेदभाव करायला राज्यांनाच थेट मनाई करा, म्हणजे कुणाचंही बहुमत आलं तरी ते हलणार नाही. २८ फेब्रुवारीला मसुदा बाजूला ठेवला गेला.

आपल्या ड्राफ्टवर कोणी असं बोट ठेवलं की आपण काय करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. बिंगहॅमने आक्षेप पचवला. तो परत बॅरनच्या निकालाकडे गेला. हे मी अंदाजाने म्हणत नाही. १८७१ मध्ये सभागृहात बोलताना त्याने स्वतःच सांगितलं की मार्शलचा तो निकाल त्याने वाचला होता आणि घटनाकार राज्यांवर बंधन कसं घालत हे पाहून तीच रचना उचलली. ज्या निकालाने तेहतीस वर्षं वाट अडवून धरली, त्याच निकालातून त्याने आपले पहिले शब्द घेतले: ‘कोणतंही राज्य...’

मधे आणखी एक प्रसंग घडला आणि तो मला त्याच्या चरित्रातला सगळ्यात बोलका वाटतो. मार्च १८६६ मध्ये नागरी हक्क विधेयक आलं. काळ्या माणसाला करार करण्याचा, मालमत्ता घेण्याचा, साक्ष देण्याचा हक्क देणारं. बिंगहॅम आयुष्यभर जे बोलत आला तेच. आणि बिंगहॅमने विरोधात मत दिलं! पक्षातले लोक अवाक झाले. त्याचं म्हणणं एवढंच, की हे घडायलाच हवं, पण राज्याच्या हद्दीत हे घडवण्याचा अधिकार आजच्या घटनेने काँग्रेसला दिलेला नाही. आधी घटना दुरुस्त करा, मग कायदा करा. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननेही त्या विधेयकावर नकाराधिकार वापरताना राज्यांच्या अधिकारांचा मुद्दा काढला, पण त्याचा हेतू वेगळा होता. त्याला ते घडायलाच नको होतं. काँग्रेसने एप्रिलमध्ये नकाराधिकार मोडीत काढून कायदा केला. बिंगहॅमची चिंता मात्र राहिलीच: कायदा उद्याची काँग्रेस रद्द करू शकते आणि न्यायालय अधिकाराबाहेरचा ठरवू शकतं. राजकारणी म्हणून हा मूर्खपणा होता, वकील म्हणून हे बरोबर होतं. मी त्याच्या जागी असतो तर ते मत द्यायची हिंमत मला झाली नसती.

एप्रिलमध्ये तिसरंच माणूस मैदानात आलं: रॉबर्ट डेल ओवेन, ब्रिटनचे प्रसिद्ध समाजवादी रॉबर्ट ओवेन यांचा मुलगा. त्याने स्टीव्हन्सला एक आयता मसुदा आणून दिला. त्याचं पहिलं कलम सोपं आणि सुटसुटीत होतं: वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून नागरी हक्कांबाबत कोणतंही राज्य किंवा संघराज्य भेदभाव करणार नाही. समितीने ते जवळजवळ स्वीकारलं होतं. बिंगहॅम आपली वाक्यरचना पुढे करत राहिला, एकदा ती आत गेली, परत बाहेर आली, आणि एप्रिलच्या शेवटी ओवेनच्या कलमाच्या जागी बिंगहॅमचं कलम बसलं:

‘कोणतंही राज्य अमेरिकेच्या नागरिकांचे विशेषाधिकार किंवा संरक्षणं कमी करणारा कायदा करणार नाही वा अमलात आणणार नाही, कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणाही व्यक्तीचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेणार नाही, आणि आपल्या अधिकारक्षेत्रातल्या कोणाही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही.’

ओवेनचं आणि बिंगहॅमचं कलम शेजारी ठेवून पाहा. ओवेनच्या कलमात तीन कारणं मोजून दिली आहेत, त्यापलीकडचा भेदभाव त्यात बसत नाही. बिंगहॅमच्या कलमात कारणच नाही. वंशाचा उल्लेख नाही, वर्णाचा नाही. शिवाय विशेषाधिकार ‘नागरिकां’ना, पण समान संरक्षण ‘कोणाही व्यक्ती’ला. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा यिक वो हा चिनी धोबी सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा तो अमेरिकेचा नागरिक नव्हता. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा परवाना गोऱ्यांना मिळत होता, चिन्यांना नाकारला जात होता. नियम कागदावर सगळ्यांना सारखा, राबवताना वेगळा. ‘व्यक्ती’ या शब्दावर तो जिंकला. आपल्या कलम १४ मध्येही ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’च आहे, हे परीक्षेत हमखास विचारतात. त्याची पाळंमुळं इथे आहेत.

ओवेनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या मसुद्यात संघराज्यावरही बंधन होतं, बिंगहॅमच्या मसुद्यात फक्त राज्यांवर. ही फट इतकी खरी होती की १९५४ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांमधला वर्णभेद मोडताना सर्वोच्च न्यायालयाला समान संरक्षणाचं कलम वापरता आलं नाही, कारण वॉशिंग्टन हे राज्य नाही. पाचव्या दुरुस्तीतून आडवाट काढावी लागली.

प्रतिनिधीगृहात १० मे १८६६ ला १२८ विरुद्ध ३७ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. सिनेटने जन्माने नागरिकत्व देणारं पहिलं वाक्य जोडलं. ते बिंगहॅमचं नव्हे. स्टीव्हन्सला सगळा मसुदा मिळमिळीत वाटत होता. तरी मी देवदूतांमध्ये नाही, माणसांमध्ये राहतो, म्हणून हे स्वीकारतो, असं म्हणून त्याने जूनमध्ये अंतिम मतदानाला उभं केलं. जुलै १८६८ मध्ये पुरेशा राज्यांची संमती पूर्ण झाली. दक्षिणेतल्या राज्यांनी ती आनंदाने दिली नाही. काँग्रेसमध्ये परत जागा हवी असेल तर संमती द्या, अशी अट होती.

आता त्याची दुसरी बाजू. हे सांगितलं नाही तर उत्तर अर्धवट राहील.

याच बिंगहॅमने १८६५ च्या उन्हाळ्यात लिंकनच्या खुनाच्या कटाचा खटला चालवला. आरोपी आठ, सगळे सामान्य नागरिक. खटला मात्र नऊ लष्करी अधिकाऱ्यांच्या आयोगापुढे. ज्युरी नाही. वॉशिंग्टनची दिवाणी-फौजदारी न्यायालयं तेव्हा उघडी होती, काम करत होती. आरोपींपैकी मेरी सरॅटच्या बाजूने माजी ॲटर्नी जनरल रेव्हर्डी जॉन्सनने अधिकारक्षेत्राचाच आक्षेप घेतला: या आयोगाला नागरिकांवर खटला चालवण्याचा अधिकार नाही. त्याला उत्तर बिंगहॅमने दिलं. युद्धकाळ आहे, राष्ट्राध्यक्ष सरसेनापती आहे, शत्रूने सरसेनापतीला मारलं आहे, म्हणून हा लष्करी गुन्हा. दोन दिवस तो बोलला. ७ जुलैला चौघांना फाशी झाली, त्यात मेरी सरॅट. तिच्यासाठी आयोगातल्याच पाच सदस्यांनी दयेची शिफारस केली होती.

पुढच्याच वर्षी मिलिगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं: न्यायालयं उघडी असतील तिथे नागरिकांवर लष्करी आयोगात खटला चालवता येत नाही. निकाल लिहिणारा न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस हा लिंकनचा जुना मित्र होता, हा आणखी एक टोमणा. बिंगहॅम यावर संतापला, सभागृहात न्यायालयावर तुटून पडला. रीतसर प्रक्रियेचं कलम लिहिणारा हाच माणूस. काही अभ्यासक दोन्हींत सुसंगती शोधतात: युद्धात वेगळं, शांततेत वेगळं. मला ती पटत नाही. सरकारी बाजूने उभं राहिलं की कुठलाही वकील अधिकार थोडे जास्त पसरट वाचतो. बिंगहॅम त्याला अपवाद नव्हता.

१८६८ च्या महाभियोगाचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सगळीकडे रंगवून लिहिलेला मिळतो. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग आणायला १८६७ मध्ये बिंगहॅमचा विरोध होता, कारण नुसता वाईट कारभार हा गुन्हा नाही. जॉन्सनने कायदा डावलून स्टँटनला काढलं तेव्हा तो तयार झाला आणि खटला चालवणाऱ्या सात जणांचा अध्यक्ष झाला. मे महिन्यात तीन दिवस समारोपाचं भाषण केलं. शेवटी प्रेक्षक गॅलरीतून इतक्या टाळ्या पडल्या की सरन्यायाधीश चेसने गॅलऱ्या रिकाम्या करायला लावल्या. टाळ्या मिळाल्या, खटला गेला: ३५ विरुद्ध १९, दोन तृतीयांशाला एक मत कमी. वक्तृत्वाने निकाल फिरत नाही, हे आपल्या व्यवसायात रोज दिसतं.

स्त्रियांच्या बाबतीत त्याचं वजन कमी पडतं. १८७१ मध्ये व्हिक्टोरिया वुडहलने प्रतिनिधीगृहाच्या न्यायिक समितीपुढे येऊन मांडलं की चौदाव्या दुरुस्तीने आम्ही नागरिक आहोत, मतदान हा नागरिकाचा विशेषाधिकार, तेव्हा आम्हाला मत द्या. समितीचा अध्यक्ष बिंगहॅम. बहुमताचा अहवाल त्यानेच लिहिला आणि मागणी फेटाळली. नागरी हक्क वेगळे, राजकीय वेगळे, हीच ओरेगनच्या वेळची जुनी रेषा. त्या काळाच्या चौकटीत ती तर्काला धरून होती, पण कलमाच्या शब्दांत वुडहलचा दावा बसत होता आणि ते शब्द याचेच होते.

मग घसरण. क्रेडिट मोबिलिए या रेल्वे कंत्राटाच्या घोटाळ्यात शेअर घेणाऱ्या काँग्रेस सदस्यांत त्याचं नाव आलं. १८७२ मध्ये पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. मार्च १८७३ मध्ये त्याची मुदत संपली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा न्यू ऑर्लिन्सच्या कत्तलखान्यांचा निकाल आला. लुइझियानाने एकाच कंपनीला कत्तलखान्याची मक्तेदारी दिली होती, बाकीचे खाटीक चौदाव्या दुरुस्तीवर कोर्टात गेले. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने विशेषाधिकारांचं कलम इतकं आकसून वाचलं की त्यात काही उरलंच नाही. बिंगहॅमला जे कलम सर्वात महत्त्वाचं होतं, ज्यातून त्याला सगळं हक्कपत्र राज्यांना लागू करायचं होतं, तेच गेलं. उरली दोन: रीतसर प्रक्रिया आणि समान संरक्षण. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.

राष्ट्राध्यक्ष ग्रँटने त्याला जपानला पाठवलं. तिथे तो बारा वर्षं, १८८५ पर्यंत राहिला. पाश्चात्त्य राष्ट्रांनी जपानवर लादलेल्या विषम करारांविरुद्ध तो सातत्याने जपानच्या बाजूने बोलला. १८७९ मध्ये पटकीची साथ असताना जर्मन जहाज हेस्पेरिया जपानचा विलगीकरणाचा नियम झुगारून बंदरात शिरलं. आपल्या किनाऱ्यावर असे नियम करण्याचा जपानला पूर्ण अधिकार आहे, अशी भूमिका बिंगहॅमने घेतली. १८७८ मध्ये त्याच्या काळात अमेरिकेने जकातीचा अधिकार जपानला परत देणारा करारही केला, पण इतर राष्ट्रांनी तसंच केलं तरच तो लागू होणार होता आणि त्यांनी ते केलं नाही.

परत आला तो कॅडिझलाच. १८८३ मध्ये खासगी हॉटेल, नाटकगृहांतला भेदभाव रोखणारा कायदा न्यायालयाने रद्द केला होता, कारण बिंगहॅमचे शब्द ‘राज्या’ला बांधतात, हॉटेलवाल्याला नाही. १८९६ मध्ये रेल्वेच्या वेगळ्या डब्यांना समान संरक्षणात बसवलं गेलं. हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं. १९ मार्च १९०० ला तो वारला. पुढे १९४७ मध्ये न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅकने एका मतभेदाच्या निकालात त्याला चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमाचा मॅडिसन (मूळ घटनेचा प्रमुख शिल्पकार) म्हटलं, तेव्हा कायद्याच्या जगात नाव पुन्हा वर आलं. त्यावरही लगेच वाद झाला: बिंगहॅम गोंधळलेला वक्ता होता, त्याला इतका विचार नव्हता, असं म्हणणारे आजही आहेत. ज्याने तीन मसुदे बदलून नेमकी रचना गाठली तो गोंधळलेला, हे मला तरी मान्य नाही.

तुमच्या प्रश्नाचा भारतीय धागा. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केलं (‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ नावाने ते छापील मिळतं), त्यातला मूलभूत हक्कांचा सुरुवातीचा भाग काढा. बिंगहॅमचं कलम तिथे जवळजवळ जसंच्या तसं आहे: विशेषाधिकार, रीतसर प्रक्रिया, समान संरक्षण. फरक एका ठिकाणी आहे. बिंगहॅमने लिहिलं, राज्य असा कायदा करणार नाही. बाबासाहेबांनी लिहिलं, राज्य असा कायदा ‘किंवा रूढी’ करणार नाही वा अमलात आणणार नाही.

ही भर कुठून आली असावी? महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. १९२७ च्या सत्याग्रहानंतर स्पृश्यांनी दावा लावला तो कायद्यावर नव्हे, तर अनादी काळापासून चालत आलेल्या रूढीवर. तो दावा दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी, अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असं म्हणत तो संपवला. प्रतिवादींत पहिलं नाव खुद्द भीमराव रामजी आंबेडकरांचं. न्यायालयाने रूढी सिद्ध झाली नाही म्हटलं. सिद्ध झाली असती तर? ज्याने दहा वर्षं हा प्रश्न डोक्यावर घेऊन काढली, तो बिंगहॅमचं वाक्य उतरवताना तिथे थांबणारच. आपल्या कलम १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठ येतात. कलम १५ चं दुसरं पोटकलम दुकानं, विहिरी, तळी यांचं नाव घेऊन बोलतं. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ तर सरळ माणसामाणसांतल्या व्यवहाराला हात घालतं. अमेरिकेत १८८३ मध्ये जिथे गाडी अडली, तिथे आपल्याकडे आधीच रस्ता काढून ठेवला होता.

रीतसर प्रक्रियेचे शब्द मात्र जीवित आणि स्वातंत्र्याचं रक्षण करणाऱ्या आपल्या कलम २१ मध्ये आले नाहीत. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि त्यानंतर ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. मसुदा समितीने आधार दिला तो जपानच्या १९४६ च्या घटनेतल्या कलम ३१ चा. बिंगहॅम बारा वर्षं जिथे राहिला तोच देश, निव्वळ योगायोग. १३ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत दोन्ही बाजूंचे, म्हणजे न्यायालयाला जास्त अधिकार देण्याचे आणि विधिमंडळाला मोकळं सोडण्याचे, धोके मांडले आणि निर्णय सभेवर सोडला. १९७८ च्या मनेका गांधी निकालानंतर रीतसर प्रक्रियेचा अर्थ मागच्या दाराने बराचसा आत आला, ते तुम्ही शिकलाच असाल.

शेवटी कामाचं. बिंगहॅमचं नाव युक्तिवादात घेऊ नका. आपल्याकडे कोणी विचारणार नाही आणि विचारलं तर वेळ जाईल. हवा असेल तो दाखला १९५२ चा, पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार. त्यात सरन्यायाधीश पतंजली शास्त्रींनी स्पष्ट म्हटलंय की कलम १४ चा दुसरा भाग चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमाच्या शेवटच्या तुकड्यावर आधारलेला आहे. प्रकरण काय होतं? सरकारला वाटेल ते खटले खास न्यायालयाकडे पाठवण्याची मुभा देणारा १९५० चा बंगालचा कायदा. त्या कायद्याची ती तरतूद समान संरक्षणाच्या आधारे मोडली गेली. १८६५ मध्ये लष्करी आयोगापुढे उभा राहून बिंगहॅम ज्या बाजूने बोलत होता, ती इथे सरकारची बाजू होती. निकाल मुळातून वाचा, हेडनोटवर (निकालाच्या सुरुवातीच्या सारांशावर) थांबू नका. न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी आहेत आणि परीक्षेपेक्षा कोर्टात त्यांचा जास्त उपयोग होतो.